शेजारची माउली



पंढरीच्या वाटेवर कोणी कोणाला नावाने हाक मारीत नाही. पाणी देणारा माउली, पाणी मागणारा माउली. दिंडीत धक्का लागला तर ज्याने दिला तोही माउली आणि ज्याला बसला तोही माउली. रस्त्यावरचा पोलीस शिट्टी फुंकून दमतो, त्यालाही वारकरी 'माउली, जाऊ द्या' असेच म्हणतो. ज्ञानोबारायांचे हे नाव आपण सर्वांना वाटून टाकले आहे. रीत फार गोड आहे. परंतु वारी संपते, वारकरी गावी येतो, आणि शेजारच्या मोरीचे पाणी आपल्या ओट्याखाली आले की कालचा माउली आज 'तो' होतो. नुसता 'तो' होऊन राहिला तरी बरे, त्याच्या सात पिढ्या वर येतात! म्हणून वाचकहो, आज या एका शब्दाचाच विचार करू. आणि तो पोथीतून जितका करावयाचा तितकाच गल्लीतूनही करू.

मागे एका मुक्कामी प्रवचन आटोपल्यावर खानदेशातल्या एका वृद्ध वारकऱ्याने आम्हांस एक शंका विचारली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. मातीची नवी घागर, तीवर लहान मडके, वर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. आणि घरातून जे गेले त्यांच्या नावाने पाणी. शंका अशी की, जी बाई आपल्या कुळातली नाही, भावकीतली नाही, नात्याची नाही, परंतु जिने लहानपणी आपल्याला वाढविले, तिच्या नावाची घागर आपल्या घरात भरावी काय? भरली तर कोणत्या नात्याने? आणि न भरली तर ती पाण्यावाचून राहील काय? म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते, तेव्हा शंका वादासाठी नव्हती हे उघड आहे. आम्हांला ती जिव्हारी लागली, कारण तशी एक बाई आमच्याही खाती जमा आहे.

ती नरडाण्याची. आग्रा रोडवर धुळ्याहून शिरपूरकडे जाताना सोनगीर मागे पडले की नरडाणा लागते. सुरत-भुसावळ रेल्वेचे स्टेशनही तेथे आहे. आज तिकडे कारखान्यांची वसाहत झाली आहे. आमच्या लहानपणी धाब्याची घरे, कापसाची वखार आणि स्टेशनावरची चिंच एवढाच पसारा डोळ्यांत मावे. त्या बाईचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. लिहिले तरी गल्लीत कोणी ओळखणार नाही, कारण लहानथोर सारे तिला 'माय' एवढेच म्हणत. मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि वर्षाची एक आषाढी. एवढ्यात तिचा सगळा संसार सांगून होतो.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगावयास नको. सिंदखेडा तालुका तसाही पावसाच्या दृष्टीने दैन्याचा. त्या वर्षी तर विहिरींचे तळ उघडे पडले. गावोगाव दुष्काळी कामे निघाली. आयाबाया पहाटे टोपली-घमेली घेऊन खडी फोडावयास जात, त्या दिवे लागणीला परत येत. रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळे, तिची भाकर थापताना तुटे आणि गार झाली की खापरासारखी होई. अंगावरची पोरे आया कामावर नेत. परंतु चार ते दहा वर्षांची आम्ही पंधरावीस पोरे गल्लीत उरत असू. माय वयाने खडी फोडण्यापलीकडे गेलेली. तिने कोणाला विचारले नाही, कोणी तिला सांगितले नाही. पहिल्याच सकाळी तिने ओटा शेणाने सारवून घेतला आणि पोरे तेथे गोळा झाली. त्याचे कारण आम्हांला आजही सांगता येत नाही. चिमण्या एकाच झाडावर का जमतात, तसे.

प्रत्येकाची आई जाताना फडक्यात काही बांधून देई. कोणाच्या फडक्यात दोन भाकरी, कोणाच्यात अर्धी, कोणाचे फडके नुसतेच गाठ मारलेले. लोकलाजेस्तव गाठ मारावयाची. दुपारी माय सगळी फडकी आत नेई आणि दार ओढून घेई. पुन्हा दार उघडे तेव्हा एका मोठ्या परातीत सगळ्या भाकरी कुस्करून, वरून मिरचीचे पाणचट वरण ओतून, एकच काला झालेला असे. कोणाची भाकर होती आणि कोणाची नव्हती, हे त्या परातीत कोणाला शोधता आले नसते. रिकाम्या फडक्याचे पोर आणि दोन भाकरींचे पोर एकाच काठाशी बसत. 'बठ रे आंडोर, पोटभर खाई ले,' एवढेच ती सर्वांना म्हणे. आंडोर म्हणजे मुलगा. परात पुसली गेली की मग बोटाला लागेल तेवढे ती स्वतः चाटी. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो, तो पाहण्यास आपण लाखोंनी जातो. नरडाण्याच्या त्या ओट्यावर काही महिने रोज काला होत होता.

हे गोडच वाटले सर्वांना असे मात्र नाही. एके संध्याकाळी एक बाई भांडावयास आली. तिचे म्हणणे, मी पोराला दोन भाकरी बांधून देते, त्या दुसऱ्यांच्या घशात का जातात? दिवसभर दगड फोडून आलेली बाई. तिचा दोष आम्ही मानीत नाही, भूक माणसाला हिशेब शिकविते. माय रागावली नाही. तिने एवढेच विचारले, 'तुनं पोरगं उपाशी उठनं का?' बाई गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्या फडक्यात पुन्हा दोनच भाकरी आल्या, कमी आल्या नाहीत. त्यावरून काय ते समजावे.

आता वारीची गोष्ट. दुष्काळातही मायने डबीत चार आणे, आठ आणे करून आषाढीची गाठ बांधली होती. त्या काळी आमच्याकडून पंढरी म्हणजे गाड्या बदलण्याचे प्रकरण. नरडाण्याहून जळगाव, पुढे मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, आणि तेथून बार्शी लाईटची अरुंद रुळांची लहान गाडी. निघण्याच्या तीन दिवस आधी गल्लीतल्या एका हमालाची बायको बाळंतपणात गेली. मूल जगले. हमाल परगावचा, मागे कोणी नाही. त्याने ते मूल धोतराच्या पदरात गुंडाळून मायच्या ओट्यावर आणून ठेवले आणि तो खांबाला टेकून उभा राहिला. माय काही बोलली नाही. तिने कापसाचा बोळा केला, शेजारच्या शेळीचे दूध पाणी घालून कोमट केले, आणि थेंब थेंब त्या मुलाच्या ओठांत पिळू लागली. दिंडीची मंडळी स्टेशनावर जमली, गाडी आली, गाडी गेली. एकादशीच्या दिवशीही ती बोळाच पिळीत होती. मुखाने नाम घेत होती किंवा नाही, हे आम्ही सांगू शकत नाही; आम्हांला तरी ऐकू आले नाही.

दिंडी परत आली. वीणेकऱ्यांनी तिला काल्याचा प्रसाद दिला आणि चार शब्द सुनावलेही. वीस वर्षांची वारी चुकली, नेम मोडला, मूल दुसऱ्या कोणाकडे देता आले असते. वीणेकरी निष्ठावंत होते, त्यांचे बोलणे संप्रदायाला धरूनच होते. माळ घातली की वारी चुकवू नये, हा आपला मूळ नेम. तो सैल करण्याची आमची छाती नाही. मायने प्रसाद कपाळाला लावला आणि म्हणाली, 'विठोबाले उभं ऱ्हावानी सवय शे. पोरले नही.' विठोबाला उभे राहण्याची सवय आहे, पोराला नाही.

वाचकहो, या बोलण्यात उद्धटपणा दिसेल. आम्हांलाही पुष्कळ वर्षे ते नुसते हजरजबाबी उत्तर वाटत होते. परंतु विचार करा, देवाला ही सवय लावली कोणी? पुंडलिकाने. देव दाराशी आला तेव्हा तो आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने देवाला नाकारले नाही, हाकलले नाही. वीट टाकली आणि थांबावयास सांगितले. आणि देव थांबला. युगे गेली, अजून थांबलाच आहे. ज्या विटेवर आपण डोके टेकवितो ती वीट म्हणजे सेवेपायी देवाला करावयास लावलेल्या खोळंब्याची खूण आहे. मात्र येथे एक भेद आहे. पुंडलिकाचे आईबाप त्याचे स्वतःचे होते, आणि हे मूल मायचे कोणी नव्हते. मग तिचा अधिकार पुंडलिकाहून कमी, की अधिक?

याचे उत्तर आम्हांला दुसऱ्या एका आईच्या गोष्टीत सापडले. ती गोष्टही आमच्या धुळ्याच्या वाटेने येते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या विनोबांनी आपल्या आईच्या, रुक्मिणीबाईंच्या, ज्या आठवणी सांगून ठेवल्या आहेत त्यांत एक अशी आहे. शेजारच्या घरातली बाई आजारी पडली की या माउली तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करून येत. परंतु आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकीत आणि मग शेजारी जात. लहानगा विनायक चिकित्सक. त्याने आईला धरले की, हा तर स्वार्थ झाला. आधी आपल्या पोरांचे, मग त्यांचे. आईने समजाविले की, त्यांचे आधी रांधून ठेवले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होईल. शेजाऱ्यांना ऊन ऊन मिळावे म्हणून त्यांचे मागाहून करावयाचे. म्हणजे गार झालेले घरच्यांनी खावे!

दुसरी आठवण याहून खोल आहे. त्यांच्या घरी एखादा गरीब विद्यार्थी जेवावयास असे. कालचे शिळे उरले तर आई ते स्वतः खाई किंवा विनायकाला वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र कधी वाढीत नसे, त्याला ताजेच. विनायकाने पुन्हा विचारले, तू आम्हांला समभाव शिकवितेस आणि स्वतः भेद करतेस हे कसे? तेव्हा तिने भेद कबूल केला. ती म्हणाली अशा अर्थाचे की, तुझ्याविषयी मला आसक्ती आहे, तू मला मुलगा दिसतोस. हा परका मुलगा मला देवस्वरूप दिसतो. तूही मला देवस्वरूप दिसू लागशील त्या दिवशी हा भेद उरणार नाही.

येथे जरा थांबा. आपण चांगल्या शेजारणीची स्तुती कशी करतो? 'तिने आम्हांला आपल्या मुलांसारखे वागविले.' ही स्तुती अपुरी आहे. या बायांनी आपल्या मुलांसारखे नाही वागविले, त्यांच्याहून वरचे वागविले. घरचे मूल थांबू शकते, कारण ते घरचे आहे. त्याला शिळे चालते, उशीर चालतो, एखादा धपाटाही चालतो. परक्याच्या मुलाला थांबविता येत नाही, कारण तो अतिथी आहे. आता मायचे बोलणे पुन्हा ऐका. विठोबाला थांबावयास सांगितले ते विठोबा परका म्हणून नव्हे. तो घरचा म्हणून! ज्याच्याशी वीस वर्षांचा घरोबा, त्यालाच 'जरा थांब रे' म्हणता येते. ज्याला देव परका असतो तो भीतीने नेम पाळतो, आणि दाराशी आलेले पोर तसेच ठेवून गाडी गाठतो. पुंडलिकाने आपल्या माणसांसाठी देवाला उभे केले. या बाईने दुसऱ्याच्या लेकरासाठी घरच्या देवाला उभे केले. अधिकार कोणाचा मोठा हे मोजण्याची आमची पात्रता नाही, परंतु वीट तीच आहे.

मात्र हे वाचून कोणी वारी सोडण्याला सबब करू नये. 'आम्हीही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पुष्कळ करतो, आमची पंढरी घरीच आहे,' असे म्हणणारे विद्वान हल्ली फार झाले आहेत. त्यांना आमचा प्रश्न एवढाच की, बोळ्याने दूध पाजून रात्र कोणाची जागविलीत ते सांगा. शिवाय मायने वारी सोडली नाही. त्याच वर्षी कार्तिकीला ती गेली, चार महिन्यांचे ते पोर कडेवर घेऊन, शेळीच्या दुधाची बाटली फडक्यात गुंडाळून. तिने पोराचे डोके पायांवर टेकविले आणि देवाशी काय बोलायचे ते बोलून आली.

संतांनी आईचे प्रेम सांगताना गाईचा दृष्टांत घेतला, पक्षिणीचा घेतला, आणि कासवीचाही घेतला. गाईचा पान्हा आपल्या वासरासाठी असतो. कासवीला पान्हा नाही. ती पैलतीरावरून नुसती पाहते आणि त्या पाहण्याने पिल्ले वाढतात असे म्हणतात. प्राणिशास्त्रवाले याला काय म्हणतील ते म्हणोत, दृष्टांत हा एकदेशी घ्यावयाचा असतो. शेजारची माउली ही कासवी. तिच्यापाशी दूध नाही, रक्ताचे नाते नाही, आपल्यावर हक्क नाही. म्हातारपणी हे पोर मला पाहील ही आशाही नाही, कारण त्याची आई जिवंत आहे, ते तिलाच पाहणार. फक्त दृष्टी आहे. ओट्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत तिची दृष्टी जाई आणि तेवढ्या टापूत आम्ही निर्धास्त असू. ज्ञानोबाराय बाराव्या अध्यायात भक्ताचे लक्षण सांगताना म्हणतात की, घरच्यांना उजेड द्यावा आणि परक्यांना अंधार, असा भेद दिवा जाणत नाही. आम्हांला तो दिवा समजला तो ग्रंथ हाती येण्यापूर्वी.

आणि ही जात बायांचीच आहे असेही नाही. नरडाण्याहून गाडीत बसले तर थोड्याच वेळात अमळनेर येते. तेथे प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी १९३० पर्यंत होते. मुले शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या आवरी, कपडे धुवी, आजाऱ्याच्या उशाशी बसे. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. लोकांना वाटते, ती आपल्या आईच्या आठवणीने लिहिली. ते तर आहेच. परंतु आपली आई गेल्यावर ज्याने परक्यांच्या मुलांचे अंथरूण घातले, त्याच्याच हातून ती लिहिली जाऊ शकली, असे आम्हांला वाटते. याच माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले, ते ज्या लेकरांना माउलीच्या दारातून आत जाता येत नव्हते त्यांच्यासाठी. आईच्या घरात काही मुले आत आणि काही बाहेर, हे आईपण जाणणाऱ्याला सोसत नाही.

आमच्या खानदेशाचे भाग्य असे की मुक्ताई येथेच तापीकाठी गुप्त झाली. वयाने भावंडांत सर्वांत धाकटी, आणि आईबाप गेल्यावर तिन्ही भावांची आई तीच झाली. ज्ञानोबा रुसून ताटी लावून बसले तेव्हा दाराबाहेर उभी राहून त्यांची समजूत तिनेच घातली. चांगदेवांसारखा वयोवृद्ध योगी तिच्यापुढे लेकरू होऊन बसला. आईपणाला वय लागत नाही, पोट लागत नाही, हे तिने दाखविले. जनाबाईचे पाहा. गंगाखेडचे पोरके पोर दामाशेटींच्या घरी आले आणि गोणाईच्या हाताखाली वाढले. ते घर मिळाले नसते तर आज दळताना ओव्या कोणाच्या आठवल्या असत्या?

आता म्हाताऱ्याच्या शंकेकडे वळू. कोणत्या नात्याने घागर भरावी? तर्पण करणाऱ्यांना ठाऊक असेल की, पितरांची नावे संपल्यावर शेवटी जे बांधव नव्हते त्यांनाही पाणी देण्याचा विधी आहे. म्हणजे शास्त्राला ही वाट मंजूरच आहे. तरी शास्त्राआधी आमच्या घरी हा निकाल झाला होता. माय गेली त्याच्या पुढच्या आखाजीला आमच्या आईने दोनऐवजी तीन घागरी मांडल्या. भावकीतले एक वडीलधारे गृहस्थ आले होते. त्यांनी विचारले, ही तिसरी कोणाची? आई म्हणाली, 'पोरांच्या मायची.' ते म्हणाले, पोरांची माय तर तू, समोर जिवंत आहेस. आई म्हणाली, 'मी खडी फोडायला जायचे, तेव्हाची.' गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी आपल्या हाताने त्या घागरीवर खरबूज ठेवले.

ते बोळ्याचे मूल आज पन्नाशीत आहे. रेल्वेतच लागले, बायकामुले आहेत, आषाढी चुकवीत नाही. आखाजीला त्याच्या घरी दोन घागरी असतात. एक जन्म देऊन गेली तिची आणि एक मायची. दोन्ही एकाच मापाच्या.